तबकडी जे सांगते ते यंत्र करते का?

१/
इतिहासाच्या वर्गात पहिल्याच सत्रात एक शिस्त अंगवळणी पाडली जाते. कागद काय सांगतो हे वाचण्याआधी तो कोणत्या काळाचा, कोणाच्या हातचा आणि कोणत्या कामासाठी लिहिलेला आहे, हे तपासावे. दस्तावरचा शक एका काळाचा आणि कागदातले जलचिन्ह दुसऱ्याच काळाचे निघाले, तर संशोधक थबकतो. गेले वर्षभर ही शिस्त मला एका वेगळ्याच ठिकाणी उपयोगी पडली : जुन्या धाटणीचे क्रोनोग्राफ घड्याळ जुळवताना. हा धागा त्या घड्याळाचा, त्यामागच्या दोन शतकांचा आणि माझ्या आईच्या कामाचा आहे.

२/
प्रथम वस्तूची ओळख. क्रोनोग्राफ म्हणजे नेहमीची वेळ दाखवता दाखवता वेगळा कालावधीही मोजणारे घड्याळ. बटण दाबले की मधला लांब सेकंदकाटा निघतो, पुन्हा दाबले की थांबतो, आणि दुसऱ्या बटणाने शून्यावर परततो. ग्रीक शब्दाचा अर्थ ‘काळ लिहिणारा’. हे नाव आरंभी अक्षरशः खरे होते. १ सप्टेंबर १८२१ रोजी पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावरील घोड्यांच्या शर्यतीत निकोलास रिउसेक याने आपले यंत्र वापरले. त्यात फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका पडत असे. त्याआधी १८१६ मध्ये लुई मोआने याने खगोलीय निरीक्षणासाठी सेकंदाचा साठावा भाग मोजणारे यंत्र सिद्ध केले होते.

३/
शाईचे ठिपके कालांतराने गेले, काटे आले. पण थांबलेला काटा क्षणार्धात शून्यावर आणायचा कसा? याचे उत्तर १८४४ मध्ये आडॉल्फ निकोल याने पेटंट घेतलेल्या एका लहानशा भागात आहे. हृदयाच्या आकाराच्या त्या चकतीवर बाजूने दांडी आपटली की चकती कोणत्याही स्थितीतून फिरून आपल्या खाचेतच येऊन बसते. चकतीबरोबर काटाही शून्यावर येतो. आज बनणाऱ्या यांत्रिक क्रोनोग्राफातही हीच हृदयाकृती आहे. पुढे १९३४ मध्ये ब्रायटलिंगने शून्यावर आणण्यासाठी स्वतंत्र दुसरे बटण दिले, आणि आपण आज ओळखतो ते रूप स्थिर झाले.

४/
आता या धाग्याच्या मुख्य विषयाकडे येऊ. स्विस घड्याळ-व्यवसाय ही श्रमविभागणीवर उभी राहिलेली व्यवस्था होती. यंत्र एकाचे, तबकडी दुसऱ्याची, काटे तिसऱ्याचे, कवच चौथ्याचे. तबकडीवर ज्याचे नाव छापलेले असे, तो पुष्कळदा केवळ जुळणी करून विकणारा असे. क्रोनोग्राफची यंत्रे बनवणारी वालजू, व्हीनस, लँडेरॉन ही नावे सामान्य ग्राहकाच्या कानावरही येत नसत. १९६३ मध्ये ह्यूअरचे कॅरेरा आणि रोलेक्सचे कॉस्मोग्राफ बाजारात आले. दोन प्रतिस्पर्धी नावे, दोन वेगळ्या तबकड्या. पण दोन्हींच्या पोटात वालजू ७२ या एकाच कुळातले यंत्र.

५/
वालजू ७२ असलेली तबकडी एकदा पाहिली की ओळखता येते. उजवीकडच्या छोट्या वर्तुळात ३० मिनिटांचा गणक, खाली १२ तासांचा गणक, डावीकडे अखंड चालणारा सेकंद. या छोट्या वर्तुळांना शौकीन लोक ‘डोळे’ म्हणतात. इथे लक्षात ठेवण्याचा नियम असा : डोळा कुठे असावा हे तबकडी रंगवणारा ठरवत नाही. यंत्रातील चाकाचा आस जिथे वर येतो तिथेच डोळा असतो. म्हणून तबकडी हा यंत्राविषयीचा लेखी पुरावाच असतो, आणि कोणत्याही लेखी पुराव्याप्रमाणे तो खराही असू शकतो, खोटाही.

६/
त्याच १९६३ या वर्षाची दुसरी कथा चीनमधील तिआनजिन शहरातली आहे. तिथल्या घड्याळ कारखान्याला हवाई दलासाठी वैमानिकांचे क्रोनोग्राफ बनवण्याचे काम १९६१ मध्ये देण्यात आले. ‘प्रकल्प ३०४’ हे त्याचे नाव. व्हीनस कंपनीचे १७५ क्रमांकाचे दोन डोळ्यांचे यंत्र बनवण्याची सामग्री स्वित्झर्लंडहून घेण्यात आली, आणि १९६३ च्या अखेरीस पहिले नमुने तयार झाले. स्विस यंत्राचा हा वंश व्हीनसचे नाव बाजारातून गेल्यानंतरही तिआनजिनमध्ये टिकला. आज सीगल एसटी१९ या नावाने मिळणारे चावीचे यंत्र त्याच वंशातले. आपल्यासारख्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात येणारा खरा यांत्रिक क्रोनोग्राफ बहुधा हाच असतो.

७/
मी ते यंत्र घेतले ते आईसाठी. आई तालुक्याच्या गावी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे आणि तिच्या नोकरीची बहुतेक वर्षे प्रसूतिकक्षात गेली. तिथे ती मनगटावर काही बांधत नाही. घड्याळ तिच्या खिशात असते. प्रसूतीच्या नोंदपत्रकावर दोन गोष्टी पुन्हा पुन्हा लिहाव्या लागतात : दहा मिनिटांत किती कळा आल्या, आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकली. निवृत्तीला दीड वर्ष उरले असताना तिचे जुने घड्याळ बंद पडले. शिष्यवृत्तीच्या पैशांतून तिला या कामाचे घड्याळ करून द्यावे, असे मी ठरवले.

८/
मिनिटांचा गणक आणि मोठा सेकंदकाटा हे दोन्ही ज्यात आहेत, असे घड्याळ या कामासाठीच योजले असावे असे वाटते. पण सुट्या तबकड्यांचा बाजार पाहू लागले तेव्हा ध्यानात आले की जुन्या धाटणीच्या नावाखाली तिथे मुख्यतः रूप विकले जाते. रूपाखाली काय चालते याची चौकशी ग्राहकानेच करायची असते. पुढचे काही भाग त्या चौकशीचे आहेत. कोणालाही असे घड्याळ जुळवायचे असेल, किंवा जुने घड्याळ पारखायचे असेल, तर हाच क्रम उपयोगी पडेल.

९/
पहिला प्रश्न : डोळे किती आणि कुठे? एसटी१९ च्या मूळ रूपात दोन डोळे आहेत. डावीकडे चालता सेकंद, उजवीकडे ३० मिनिटांचा गणक. वालजू ७७५० हे १९७० च्या दशकातले स्वयंचलित यंत्र घेतले, तर डोळे वर, खाली आणि डावीकडे येतात. म्हणजे १९६० च्या दशकातील तीन-सहा-नऊच्या मांडणीची तबकडी त्यावर बसूच शकत नाही. एका विक्रेत्याने मला दोन डोळ्यांच्या यंत्रासाठी तीन डोळ्यांची देखणी तबकडी सुचवली. तिसऱ्या डोळ्यात काटा छापलेला होता. “तो नुसता शोभेचा,” त्याने मोकळेपणाने सांगितले.

१०/
त्या तबकडीचे छायाचित्र मी आईला दाखवले. तिने पहिला प्रश्न हाच विचारला, “हा खालचा काटा हलणार नाही?” नाही, म्हटले. “मग नको गं. रात्री तीन वाजता मला तो थांबलेला दिसला की घड्याळ बंद पडलं असंच वाटणार.” साधनाविषयीचे इतके नेमके मत मला पुढे कोणत्याही पुस्तकात सापडले नाही. शोभेच्या काट्याची किंमत तबकडीवर मोजायची नसते. त्याच्या शेजारच्या खऱ्या काट्यांवरचा विश्वास तो कमी करतो.

११/
दुसरा प्रश्न : गणक किती मिनिटांचा? आज जुन्या धाटणीच्या स्वस्त क्रोनोग्राफांत सायकोचे व्हीके कुळातील यंत्र पुष्कळ वापरतात. ते बॅटरीवर चालते, पण त्याचा क्रोनोग्राफ भाग यांत्रिक दांड्यांनी शून्यावर येतो. यंत्र म्हणून ते उत्तम आहे. मात्र त्याची मांडणी वेगळी. त्यात डावीकडे ६० मिनिटांचा गणक असतो आणि उजवीकडचा डोळा २४ तासांचा असतो. तो मुख्य तासकाट्याचीच वेळ दुसऱ्या रीतीने सांगतो. व्हीके६४ या दोन डोळ्यांच्या प्रकारात चालता सेकंद नाहीच.

१२/
आता समजा, अशा यंत्रावर कोणी १९५० च्या दशकातील तबकडीची नक्कल बसवली आणि गणकाभोवती ३० चे आकडे छापले. गणकाचा काटा ६० मिनिटांत एक फेरी करतो. म्हणजे खरी दहा मिनिटे झाली तेव्हा तो एक षष्ठांश फेरीवर असेल आणि तबकडीवर ५ दिसतील. उलट, काही जुन्या क्रोनोग्राफांत ४५ मिनिटांचा गणक असे. तशी तबकडी ३० च्या यंत्रावर चढवली, तर दहा मिनिटांना १५ दिसतील. भिंतीवरच्या चित्रात हा दोष कोणाला जाणवणार नाही. प्रसूतिकक्षात ‘दहा मिनिटांत तीन कळा’ या नोंदीचा अर्थच त्याने बदलतो, आणि त्या नोंदीवर पुढचे निर्णय अवलंबून असतात.

१३/
तिसरा प्रश्न : सेकंदांचे भाग कसे पाडले आहेत? व्हीनस १७५ सारखी जुनी यंत्रे ताशी १८,००० ठोक्यांची होती, म्हणजे सेकंदाला ५ ठोके. म्हणून जुन्या तबकड्यांवर प्रत्येक सेकंदाचे पाच भाग दिसतात. ते सजावट म्हणून आलेले नाहीत. काटा प्रत्यक्ष जिथे जिथे थांबू शकतो, त्या त्या जागी रेषा आहे. आजचे एसटी१९ ताशी २१,६०० ठोक्यांवर चालते, म्हणजे सेकंदाला ६. त्यावर पाच भागांची तबकडी बसवली की काटा रेषांच्या अधेमधे थांबतो. गंमत अशी की व्हीकेचा काटा सेकंदाला ५ टप्पे घेतो. म्हणजे त्या जुन्या रेषांशी व्हीनसच्या यांत्रिक वारसापेक्षा बॅटरीवरचे यंत्र अधिक प्रामाणिक ठरते.

१४/
चौथा प्रश्न काठावरच्या मापपट्टीचा. मोटारशर्यतीसाठी वेगाची पट्टी, तोफखान्यासाठी आवाजावरून अंतर सांगणारी पट्टी, आणि वैद्यांसाठी नाडीची पट्टी. मला अर्थातच नाडीपट्टी हवीशी वाटली. तिची रीत सुरेख आहे. क्रोनोग्राफ सुरू करून ३० ठोके मोजायचे आणि थांबवायचे. ३० ठोक्यांना २५ सेकंद लागले असतील, तर काटा ७२ या आकड्यावर उभा असतो. २० सेकंद लागले असतील, तर ९० वर. गुणाकार पट्टीनेच करून ठेवलेला. विसाव्या शतकातील डॉक्टरांच्या क्रोनोग्राफांवर ही पट्टी आवर्जून असे.

१५/
आईने मात्र ती नाकारली. “ठोके सारखे पडत असले तर ठीक. पण नाडी मध्येच चुकते, ते पंचवीस सेकंदांत कळेलच असं नाही. संशय आला की पूर्ण मिनिट मोजायचं, हेच आम्हाला शिकवलं.” तिचे म्हणणे शास्त्रोक्त आहे. अनियमित नाडी पूर्ण ६० सेकंद मोजावी, हाच परिचर्येचा पाठ. पट्टी अशा वेळी सरासरी सांगते, आणि रोग्याचे दुखणे नेमके त्या सरासरीत दडलेले असू शकते. इतिहासातील आकडेवारी वाचताना हे वाक्य मला आता वरचेवर आठवते.

१६/
पाचवी गोष्ट दिसत नाही, पण सगळे तिच्यावर उभे असते. तबकडीच्या पाठीला दोन बारीक पाय असतात. ते यंत्राच्या पाटीतील भोकांत जातात आणि बाजूच्या स्क्रूंनी आवळले जातात. प्रत्येक यंत्राला पायांच्या जागा ठरलेल्या असतात. काट्यांच्या भोकांचे व्यासही वेगवेगळे, मिलिमीटरच्या शतांशांत मोजायचे. ज्या घड्याळजींकडे मी शिकत होते, त्यांचे दुकान जुन्या पेठेत आहे. डोळ्याला भिंग लावून ते म्हणाले, “पाय जुळत नसले तर लोक ते कापतात आणि डायल चिकटवून टाकतात. चालतं. पण मग पुढं उघडणाऱ्याला डायल कुणाचं होतं ते कधीच कळत नाही.”

१७/
त्यांच्याच दुकानात मला ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द नव्याने समजला. जुनी स्विस यंत्रे, पुन्हा रंगवलेल्या तबकड्या आणि मिळतील ते काटे जुळवून आपल्याकडून जी घड्याळे विकली जातात, त्यांना जगभरचे संग्राहक या नावाने हिणवतात. त्यात फसवणूक आहे, हे खरेच. पण तिच्यामागे दुरुस्तीची एक जुनी परंपराही आहे. स्वातंत्र्यानंतर घड्याळांच्या आयातीवर कडक बंधने होती. एचएमटीचा बंगळूरचा कारखाना सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये सुरू झाला. सुटे भाग दुर्मीळ असलेल्या त्या काळात बंद घड्याळ चालू करणे हेच घड्याळजींचे कर्तव्य होते. मालकाला सांगून केलेली जुळणी ही दुरुस्ती असते. तीच जुळणी ‘अस्सल’ म्हणून विकली की तिचे नाव बदलते.

१८/
सहावा प्रश्न वयाचा. १९१० च्या दशकापासून अनेक तबकड्यांवर अंधारात चमकणारे रेडियम लावले जाई. अमेरिकेत ते लावणाऱ्या तरुण मुली ओठांनी कुंचल्याला टोक काढत, आणि त्यांपैकी कित्येकींना त्या विषाने गाठले. १९६० च्या दशकात रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली, आणि ‘टी’ हे अक्षर तबकडीच्या तळाशी छापले जाऊ लागले. जुने रेडियम आणि ट्रिटियम तपकिरी पडते. आज नव्या, निर्धोक चमकद्रव्यालाच तपकिरी रंग देऊन साठ वर्षांचे वय चढवतात. आपण अजूनही अशा हिरव्या उजेडाला ‘रेडियम’च म्हणतो. त्या मुलींची आठवण शब्दात उरली आहे आणि आपल्याला ठाऊकही नाही.

१९/
या सहा प्रश्नांतून जी तबकडी उरली ती साधी होती. मळकट पांढरा रंग, दोन डोळे, ३० मिनिटांचा गणक, त्यात १०, २० आणि ३० हे ठळक आकडे. काठावर केवळ ६० भाग, कारण सहा ठोक्यांच्या यंत्राने पाचवा हिस्सा दाखवण्याचा आव आणू नये. जुन्या गणकांवर ३, ६, ९ मिनिटांच्या रेषा लांब काढलेल्या असत. त्या काळी दूरध्वनीचा आकार तीन-तीन मिनिटांनी लागे, आणि आपल्याकडच्या ट्रंक कॉललाही तेच माप होते. आईला तीन मिनिटांचे काम नव्हते, दहाचे होते. चमकद्रव्य पांढरेच घेतले. नाव कोणाचेच छापलेले नाही.

२०/
नाव नसलेली तबकडी घड्याळजीकाकांना रुचली नाही. “एवढं करतेस तर एखादं भारी नाव टाक की,” ते हसत म्हणाले. तो मोह मला झालाच नाही असे नाही. लाल तारा आणि ‘तिआनजिन’ ही अक्षरे असलेली १९६३ ची नक्कल सहज मिळत होती. पण वैमानिकांचे ते घड्याळ एका देशाच्या एका निकडीतून जन्मले. माझ्या आईचे घड्याळ दुसऱ्या निकडीतून. यंत्राचा वंश दोघांचा एक आहे, एवढेच सत्य. तेवढेच सांगणारी तबकडी मला पुरेशी वाटली.

२१/
आता तुमच्यासाठी. संग्रहालयात, लिलावाच्या छायाचित्रात किंवा घरच्या कपाटात जुना क्रोनोग्राफ दिसला तर क्रमाने पाहा.
डोळ्यांची मांडणी यंत्राच्या मांडणीशी जुळते का?
गणक सुरू करून दहा मिनिटे थांबा. तबकडीवर दहाच दिसतात का?
सेकंदाचे भाग आणि यंत्राचे ठोके एकमेकांना धरून आहेत का?
तळाची अक्षरे, चमकद्रव्य आणि सांगितलेले वर्ष यांत विसंगती आहे का?
काटा डोळ्याच्या मध्यातून निघतो की किंचित बाजूने?
एखादे उत्तर चुकले म्हणून घड्याळ टाकाऊ ठरत नाही. त्याला अधिक मोठा इतिहास आहे, एवढे मात्र कळते. तो विचारा.

२२/
घड्याळ गेल्या पावसाळ्यापासून आईच्या खिशात आहे. रोज सकाळी ती त्याला चावी देते आणि दिवसाला काही सेकंद पुढे जाते अशी माफक तक्रार करते. घड्याळजी लोकांची एक जुनी रीत आहे : दुरुस्तीची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरून ठेवायची. ती फक्त पुढच्या घड्याळजीला दिसते. काकांनी झाकण बसवण्याआधी मला सुई दिली. मी जुळणीचा महिना, वर्ष, यंत्राचा क्रमांक आणि ‘तबकडी नवी’ हे दोन शब्द कोरले. पन्नास वर्षांनी कोणी हे झाकण उघडले, तर त्याला तपास करायला फारसे काही उरणार नाही. संशोधक म्हणून मला त्याचे थोडे वाईट वाटते.

(धागा समाप्त. तुमच्या घरी जुना क्रोनोग्राफ असेल तर त्याच्या तबकडीचे छायाचित्र इथे टाका. डोळे मोजण्यापासून सुरुवात करू.)